कुत्रं कुठे न्यायचं आणि कुठे नाही, हे एकदा फलकावर लिहा

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर विभाग,
मा. मुख्य वनसंरक्षक, छत्रपती संभाजीनगर,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी
आणि डोंगरपायथ्याच्या गावांचे सरपंच

विषय : पाळीव कुत्र्यांसह चालण्यासाठी मोजक्या डोंगरवाटा नेमून देणे आणि उरलेल्या कारणासह बंद ठेवणे

सप्रेम नमस्कार,

रविवारी पहाटे शहरातून डोंगराकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये आता कुत्रीही असतात. ही मंडळी जातात कुठे? कुणी गौताळ्याच्या फाटकावरून परत फिरतं. कुणी फाटक टाळून आडवाटेने आत शिरतं. कुणी देवगिरीच्या पायथ्याशी कुत्र्याला गाडीत बंद करून स्वतः किल्ला बघून येतं. पहिल्यात नुसता फेरा वाया जातो, दुसरी गोष्ट चुकीची आहे आणि तिसरी तर जिवावर बेतणारी आहे. बाहेर ३० अंश असताना उन्हात उभ्या गाडीचा आतला पारा अर्ध्या तासात ४५ च्या पुढे जातो. काच दोन बोटं खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

आमची मागणी एकच आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिथे शक्य आहे तिथे एखाद-दुसरी वाट तपासून ती कुत्र्यांसाठी खुली असल्याचं जाहीर करा, तिला वेळ आणि अटी लावा, आणि बाकी ठिकाणी ‘कुत्रा आणू नये’ हे कारणासकट लिहा. आम्ही कुत्री पाळणारे, त्यांच्यावर उपचार करणारे आणि डोंगरात लोकांना घेऊन जाणारे लोक आहोत. सरसकट परवानगी आम्हाला नकोच आहे.

आधी बंद वाटांचं बोलू, कारण तिथे आमचं आणि तुमचं एकमत आहे. गौताळा-औट्रमघाट, नायगाव मयूर, येडशी रामलिंगघाट, पैनगंगा आणि जायकवाडी या अभयारण्यांत पाळीव कुत्र्याचं काम नाही. अंतूर आणि पितळखोरे यांच्या वाटा गौताळ्याच्याच जंगलातून जातात, त्यामुळे त्याही नाहीत. अजिंठा, वेरूळ, औरंगाबाद लेणी, देवगिरी ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. १९५९ च्या नियमांप्रमाणे स्मारकाच्या देखभालीखेरीज दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी तिथे प्राणी आणता येत नाही. हे सगळं बरोबर आहे. पण तिकीट खिडकीवर पोचल्यावर कळण्यापेक्षा मुख्य रस्त्यावरच्या फाट्याला कळलं, तर माणूस तिथूनच वळेल.

अभयारण्यात कुत्रं का नको, याचं कारण लोकांना बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं जातं. भुंकणं, पाठलाग करणं हे तर आहेच. त्याहून मोठा धोका रोगांचा आहे. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे विषाणू लांडगा, कोल्हा, खोकड यांनाही होतात, आणि डिस्टेंपर मार्जारकुळालाही सोडत नाही. गीरमध्ये २०१८ साली वीसहून जास्त सिंह दगावले, त्यात या विषाणूचा हात होता. आपल्या बालाघाटाच्या माळांवर लांडगा अजून टिकून आहे. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून पडल्यावर जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणजे कुत्रं दोरीला बांधलेलं होतं, कुणाच्या मागे धावलं नाही, तरी ते मागे काय सोडून गेलं हा प्रश्न उरतोच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३अ मध्ये अभयारण्यात आणि त्याच्या ५ किलोमीटरच्या आत असलेल्या पशुधनाच्या लसीकरणाची तरतूद आहे. त्याच फेरीत पायथ्याच्या गावांतल्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस दिली, तर शहरी कुत्र्यांच्या बंदीपेक्षा त्याचा उपयोग कैकपटींनी जास्त होईल. जंगलात रोज ये-जा असते ती गावातल्या कुत्र्यांची.

आता खुल्या वाटा. तपासणीसाठी आम्ही काही नावं सुचवतो: छत्रपती संभाजीनगरला गोगाबाबा टेकडी आणि सातारा-देवळाईकडचे डोंगर, म्हैसमाळचं पठार, धाराशिवला हातलादेवीचा डोंगर, अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडचा भाग, नांदेड जिल्ह्यात रत्नेश्वरी. यांतल्या कुठल्या जागा कुणाच्या ताब्यात आहेत हे सातबारा आणि वनहद्दीचा नकाशा पाहून तुम्हीच ठरवायचं आहे. गोगाबाबा टेकडी घेतलीत तर औरंगाबाद लेण्यांच्या हद्दीपासून वाट वेगळी आखावी लागेल. परभणी, हिंगोली, जालन्याच्या सपाट भागात डोंगर कमी म्हणून कुणी कालव्याच्या कडेची वाट सुचवेल. ती कृपा करून देऊ नका. अस्तरीकरण केलेल्या कालव्याचा काठ उतरता आणि गुळगुळीत असतो. पाणी प्यायला वाकलेलं कुत्रं एकदा आत घसरलं की त्याच्या नखांना कुठेच पकड मिळत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला माणूसही अडकतो.

वाट निवडताना पाहायच्या गोष्टी अशा. जाऊन-येऊन ३ ते ६ किलोमीटर पुरे. साधारण दर किलोमीटरला सावली हवी. झाड नसेल तर पत्र्याची नको, गवताने शाकारलेली साधी शेड चालेल. वाटेत लोखंडी शिडी किंवा जाळीच्या पायऱ्या नकोत, कारण कुत्र्याची नखं जाळीत अडकून मुळापासून उखडतात. गाव ज्या विहिरीचं, बारवेचं किंवा कुंडाचं पाणी पितं, तिच्यावरून वाट जाऊ नये. कठडा नसलेली विहीर वाटेपासून निदान ५० मीटर दूर असावी. कड्याला आग्या मोहोळ लागतं का, हे गावातल्या गुराख्याला विचारा. कुत्र्याचं भुंकणं आणि सुवासिक शाम्पूचा वास या दोन्हींनी माश्या उठू शकतात, आणि उठल्या की कुत्र्याच्या तोंडावर आणि काळ्या केसांवर तुटून पडतात. शेवटची गोष्ट, वाटेच्या सर्वांत लांबच्या टोकापासून जीपच्या रस्त्यापर्यंत २० किलोचं कुत्रं दोन माणसांना झोळीत घालून तासाभरात आणता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर ती वाट यादीतून काढा, बाकी कितीही सुंदर असो.

वेळेचा नियम आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. मराठवाड्यात डोंगरात कुत्र्याचा पहिला शत्रू ऊन, बिबट्या त्यानंतर. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा घाम तळपायांना येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून जिभेवरून आणि श्वासातून बाहेर टाकावी लागते. हवा गरम असली की हा मार्गही तोकडा पडतो. त्यात आपला डोंगर काळ्या दगडाचा. सकाळी दहाला माणसाला हवा बरी वाटत असते, पण बुटाखालचा खडक तोवर तापलेला असतो आणि कुत्र्याचं पोट त्या खडकापासून एक-दीड फुटावर असतं. हाताचा पंजा उलटा करून दगडावर टेकवा. सात सेकंद ठेवता आला नाही तर त्यावरून कुत्र्याला चालवायचं नाही. ही तपासणी निघताना करून उपयोग नाही, परतीची वेळ गृहीत धरून करायला हवी. तळपाय भाजतात ते परतताना.

म्हणून फाटकाच्या वेळा अशा ठेवाव्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदय ते सकाळी ११, म्हणजे ११ वाजता कुत्रं खाली आलेलं असलं पाहिजे. मार्च ते पाऊस लागेपर्यंत सकाळी ८ ला वाट बंद. मे महिन्यात ती पूर्ण बंद ठेवली तरी आमची हरकत नाही. संध्याकाळी ४ नंतरची वेळ देऊ नका. ऊन उतरलं तरी खडक उतरलेला नसतो, आणि त्यानंतर अंधार व बिबट्याची वेळ येते.

वेळेबरोबर कुत्र्याची जातही बघावी लागेल. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग यांसारखी चपट्या नाकाची कुत्री २५-२६ अंशांच्या वर डोंगरावर नेऊच नयेत. त्यांची श्वासनलिकाच अपुरी असते. एक वर्षाच्या आतलं पिल्लू चढ-उतारावर नको, कारण हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण झालेली नसते. मोठ्या जातींत ती दीड वर्षापर्यंत चालते. हस्कीचे केस उन्हाळ्यासाठी भादरून आणणारे लोक भेटतात. तसं केल्याने उलट कातडी उन्हाला उघडी पडते. याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या लातूर भागातली कारवानी आणि पश्मी. उष्णता त्यांना सोसते, पण ती नजरेने शिकार करणारी कुत्री आहेत. ससा उठला की हाक ऐकूच येत नाही. त्यांची कातडीही पातळ असते, काटेरी तारेला घासली तर वीतभर फाटते.

उष्माघाताच्या उपचारांची पाटी प्रत्येक खुल्या वाटेच्या सुरुवातीला आणि मधल्या सावलीच्या जागी हवी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश. ४० ला धोका सुरू होतो, ४१ ला अवयव निकामी व्हायला लागतात. खुणा या क्रमाने दिसतात: जीभ टोकाला रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ चिकट आणि तारेची होते, हिरड्या विटेसारख्या लाल होतात, कुत्रं सावली सोडायला तयार होत नाही, मग झोकांड्या, उलटी, जुलाब. पहिल्या दोन खुणांनाच थांबायचं. पाटीवर मजकूर असा असावा:

‘सावलीत आणा. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. मानेवर, पोटावर, जांघेत, पायांवर साधं पाणी ओतत राहा आणि सोबत वारा घाला. ओलं कापड अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तापमान ३९.५ ला आलं की ओतणं थांबवा. उठून चालायला लागलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.’

शेवटचं वाक्य गाळू नये. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरचा परिणाम पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतो, आणि तोवर मालक निर्धास्त झालेला असतो.

पाणी मालकानेच न्यायचं, हा नियम करा. वाटेवर टाकी बांधली तर ती डिसेंबरनंतर कोरडी पडेल आणि तिच्या भरवशावर आलेला अडकेल. २० किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला एक-सव्वा लिटर पाणी लागतं. तीन तासांच्या चालीला दीड ते दोन लिटर पिण्यासाठी, वर एक लिटर अंगावर ओतण्यासाठी राखून. दर २० मिनिटांनी १०० ते १५० मिली द्यायचं. एकदम भांडंभर दिलं तर उलटी होते, आणि मोठ्या छातीच्या जातींत भरल्या पोटाला पीळ पडण्याची भीती असते; याच कारणाने निघायच्या आधी तीन तास पोटभर जेवण नको. फाटकावर बाटल्या पाहून मगच आत सोडावं. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नये. पावसाळ्यानंतर त्यातून लेप्टोची लागण होते, आणि सोयाबीन-कापसाच्या शेताजवळचं डबकं असेल तर त्यात फवारणीचा पंप धुतलेला असू शकतो. तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजणारे एकनाथ पैठणचे आणि कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव नरसीचे, दोघेही याच मातीतले. मुक्या जिवाला वाटेवर जागा द्या, ही मागणी इथल्या लोकांना परकी वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

दोरीबद्दल आमचा आग्रह कडक आहे. खुल्या वाटेवरही कुत्रं पूर्ण वेळ दोरीला हवं आणि दोरी २ मीटरपेक्षा लांब नको. बटण दाबून लांबणारी दोरी बंद करावी. कारवानी कुत्र्याने पाच मीटरांत वेग घेतला की ती झटक्यात तुटते, किंवा माणूस तोंडावर आपटतो. गळपट्ट्यापेक्षा छातीवरून येणारा हार्नेस बरा, पाठीवर मूठ असलेला. उतारावर घसरणारं कुत्रं त्या मुठीने सावरता येतं, गळपट्ट्याने ओढलं तर गळा दाबला जातो. दोरी कमरेला बांधून उतरू नये. आणखी एक अट घाला: एका कुत्र्यामागे एक प्रौढ माणूस, आणि त्याला ते कुत्रं उचलता आलं पाहिजे.

आता कुसळ. शहरातल्या नव्या मालकांना याची काहीच कल्पना नसते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पाऊस सरला की माळावरचं कुसळी गवत पिकतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यातून चालणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांना कुसळं चिकटतात. एक कुसळ हातात घेऊन पाहा. पुढे अणकुचीदार टोक, त्याच्यामागे उलट्या दिशेने झुकलेले ताठ बारीक केस आणि मागे लांब पिळदार शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ उलगडतो, वाळली की परत बसतो. प्रत्येक फिरकीला टोक स्क्रूसारखं पुढे सरकतं, आणि उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात ओल असतेच. तिथे शिरलेलं कुसळ कातडी भेदून आत जातं, पायातून वर चढतं, आठवड्याने भलत्याच जागी गळू होऊन फुटतं. क्ष-किरणात ते दिसत नाही. कानात गेलं तर पडद्यापर्यंत पोचतं. कुत्रं मान एका बाजूला कलती करून सारखं डोकं झटकतं. नाकात गेलं तर एकामागून एक शिंका येतात आणि मग एकाच नाकपुडीतून रक्त. डोळ्यात गेलं तर तो डोळा मिटलेलाच राहतो.

यावर उपाय साधे आहेत. दसऱ्याच्या आधी बोटांमधले आणि कानाच्या आतल्या कडेचे केस कापून घ्यायचे. चालून आल्यावर, गाडीत बसण्याआधी, क्रमाने पाहायचं: चारही पायांच्या बेचक्या, कान, पापण्या, ओठांच्या घड्या, काखा, जांघा, शेपटीखाली. टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढायचं. तुटलं असेल किंवा कानात असेल तर तेल वगैरे न घालता पशुवैद्याकडे जायचं. प्रशासनाने करायचं ते इतकंच: खुल्या वाटेवरचं गवत दोन्ही बाजूंना एक-एक मीटर, कुसळ पिकण्याआधी, सप्टेंबरअखेर कापून घ्या. गवत गावच्या गुरांना जाईल आणि वाटही साफ होईल. पिकल्यावर कापलं तर सगळं कुसळ वाटेवरच झडतं आणि काम उलटं होतं. सराटे आणि बाभळीचे काटे राहतीलच. ते टोचल्याचं कुत्रं लगेच लंगडून सांगतं, म्हणून त्यांची तेवढी भीती नाही.

गोचीड पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्वांत जास्त. जिथे गुरं बसतात, तिथल्या सावलीत कुत्र्याला बसवू नये. गोचीड काढताना पिळायची नाही, काडी लावायची नाही. कातडीला अगदी लागून चिमट्याने धरून सरळ ओढायची. गोचीडतापाची लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी दिसतात: ताप, जेवण बंद, हिरड्या पांढरट, नाकातून रक्त. तोवर डोंगराची आठवण राहत नाही आणि डॉक्टरांना कुणी ती सांगतही नाही. खुल्या वाटेवर यायला जो परवाना द्याल, त्याच्या कागदावर मागच्या बाजूला ही लक्षणं छापा.

विष्ठा उचलण्याची अट शहरी स्वच्छतेपुरती समजली जाते. मेंढपाळांच्या दृष्टीने ती त्याहून फार मोठी आहे. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका बारीक पट्टकृमीची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढ्या-शेळ्या ती खातात आणि त्यांच्या यकृतात, फुफ्फुसांत पाण्याच्या गाठी होतात. हाच रोग माणसालाही होतो. म्हणून दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध दिल्याची नोंद परवान्यासाठी मागा, आणि विष्ठा पिशवीत भरून खाली आणण्याची सक्ती करा. फाटकावर झाकणाचं पिंप ठेवा. हे ऐकल्यावर धनगर बांधव वाटेला विरोध करणार नाहीत. न सांगता केलं तर करतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

कळप समोरून आला तर वाट कळपाची. कुत्र्याला घेऊन वाटेपासून ३० मीटर बाजूला जायचं, कळपाकडे पाठ होईल असं बसवायचं आणि शेवटची मेंढी जाईपर्यंत हलायचं नाही. राखणीची कुत्री अंगावर आली तर आपलं लहान कुत्रं उचलून छातीशी धरायचं नाही. ती उडी मारतात आणि चावा माणसाला बसतो. मेंढपाळाला हाक मारायची, तो आवरतो. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखाना.

बिबट्याबद्दल भीती पसरवायची नाही, पण माहिती द्यायला हवी. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले परिसरात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, त्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. कुत्रं हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. म्हणून कुत्र्यासह डोंगरावर मुक्काम नको, तंबू नको, पहाटेच्या अंधारात चढाई नको. पायथ्याला उरलेलं अन्न टाकून गावातली कुत्री गोळा करण्याची सवयही बंद व्हायला हवी. ती बिबट्याला पायथ्याशी बोलावते. गावातलं एखादं कुत्रं मागे लागून वर येतं, त्यालाही वाटेत बिस्किटं देऊ नयेत. ते पाळीव कुत्र्याशी भांडतं, किंवा वर जाऊन परतायची वाट चुकतं.

रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फासे, शेताच्या कुंपणात सोडलेला वीजप्रवाह आणि मांसात कालवलेलं थायमेट हे कीटकनाशक, असे हे तीन धोके माणसांनी केलेले आहेत, आणि ते हटवणं वनखात्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या हातात आहे. वाट खुली करण्याआधी दोन्ही बाजूंचे १०० मीटर चालून फासे काढा. विष खाल्लेल्या कुत्र्याच्या तोंडातून खूप लाळ येते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, अंगाला थरथर सुटते. त्याला मीठ-पाणी पाजण्यात वेळ जातो आणि जीवही. थेट दवाखाना, जमलं तर खाल्लेल्या वस्तूचा तुकडा पिशवीत घेऊन.

सापाचंही तसंच. आपल्या खडकाळ डोंगरांत फुरसं दगडाखाली असतं आणि कुत्रं नाक खाली घालून जातं, म्हणून चावा बहुधा तोंडाला किंवा पुढच्या पायाला होतो. आवळून बांधायचं नाही, चीर द्यायची नाही, बर्फ नाही, चालवायचं नाही. झोळीत उचलून आणायचं; अंगावरचं घोंगडं किंवा दोन मीटरची चादर चालते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं जे प्रतिविष माणसांना देतात, तेच कुत्र्यालाही लागू पडतं, आणि मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, अंगात गेलेल्या विषावर ठरते. अडचण अशी की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ते मिळेलच याची खात्री नसते. ज्या तालुक्यात वाट खुली कराल, तिथे आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात प्रतिविष, अ‍ॅट्रोपिन (कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं औषध) आणि सलाईनचा साठा ठेवा. तो त्या गावच्या बैलांना आणि शेळ्यांनाही उपयोगी पडेल. फलकावर पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ आणि वनखात्याचा १९२६ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत हवेत. त्याखाली एक ओळ: माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. आयब्रुफेन आणि डायक्लोफेनॅकने जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड बंद पडतं.

परवान्यासाठी तीन कागद पुरेत: रेबीजची चालू वर्षाची लस, डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टोची लस, जंताच्या औषधाची नोंद. पशुवैद्याच्या सही-शिक्क्याचं कार्ड पाहिलं की झालं. ऑनलाइन नोंदणीच्या भानगडीत गावच्या माणसाला अडकवू नका. एका सकाळी १० कुत्री, त्याहून जास्त नाहीत. शुल्क ठेवा, पण ते संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जावं आणि त्यातून फाटकावरचा माणूस व गवतकापणी निघावी. डोंगरावर मंदिर किंवा दर्गा असेल तर ५० मीटर खाली सावलीत दोरी बांधायचे दोन-तीन खांब रोवा, आणि तिथे कुत्र्याजवळ एक जण थांबेल असं लिहा. टिटवी, तितर, लावा जमिनीवर अंडी घालतात. ज्या माळावर त्यांची घरटी असतील, तो मार्च ते ऑगस्ट बंद ठेवा, मग वाट कितीही लोकप्रिय झालेली असो.

पहिल्या वर्षी सगळीकडे एकदम नको. दोन वाटा घ्या, एक छत्रपती संभाजीनगरजवळची आणि एक बालाघाटातली. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर चालवा. फाटकावरच्या वहीत रोज चार गोष्टी लिहायला सांगा: किती कुत्री आली, किती वाजता उतरली, कुणाला काय झालं, कुणा मेंढपाळाची किंवा गावकऱ्याची तक्रार आली का. मार्चमध्ये ती वही पाहून पुढचं ठरवा. तक्रारी जास्त असतील तर वाट बंद करा, आम्ही ते मान्य करू.

पाहणीसाठी वनरक्षक, गावचा एक मेंढपाळ, पशुधन विकास अधिकारी आणि आमच्यातले दोघे असे पाच जण एकत्र चालले, तर एका वाटेला एक सकाळ पुरते. आम्ही मोजपट्टी, थर्मामीटर आणि नकाशा घेऊन येऊ. त्या दिवशी कुत्रं सोबत आणणार नाही. गवत सप्टेंबरअखेर कापायचं असेल, तर ही पाहणी ऑगस्टमध्ये व्हायला हवी. तारीख कळवावी, ही विनंती.

आपले,
मराठवाड्यातले श्वानपालक, पशुवैद्यक आणि डोंगरवाटांचे मार्गदर्शक